मोटारीच्या काचा काळ्या कराव्यात काय?



आजचा विषय वरवर पाहता शहरी आणि काहीसा चैनीचा वाटेल. मोटारीच्या काचांवर काळी फिल्म लावावी की लावू नये, हा तो विषय. खेड्यातला एखादा श्रोता म्हणेल, "अहो सर, आमच्या दारात मोटारसायकल आणि फार तर ट्रॅक्टर. मोटारीच्या काचांचं आम्हांला काय?" प्रश्न रास्त आहे. पण लग्नसराईत वऱ्हाडासाठी तुम्ही गाडी ठरवता, रात्री-अपरात्री आजारी माणसाला तालुक्याला न्यायचे तर जीप भाड्याने घेता, आणि तुमची मुले ज्या रस्त्याने शाळेला जातात त्याच रस्त्याने या मोटारी धावतात. काचेला दोन बाजू असतात. आत बसणारा बाहेर पाहतो, तसाच बाहेरचा माणूसही आत पाहतो. तेव्हा गाडी ज्याची आहे त्याचा हा प्रश्न आहेच, पण जो रस्त्याच्या कडेने चालला आहे त्याचाही तो तितकाच आहे. म्हणून आज त्याचा थोडा सविस्तर विचार करू या.

हा प्रश्न पूर्वी का पडत नसे, ते आधी पाहू. मुंबईच्या कुर्ला भागातल्या कारखान्यात तयार होणारी फियाट, जिला पुढे प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले, ती मोटार पुष्कळांच्या आठवणीत असेल. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे ते ठरलेले रूप होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या जातीच्या शेवटच्या टॅक्सीची मुदत संपली. त्या गाडीच्या पुढच्या दारांना एक लहानशी त्रिकोणी काच असे. ती फिरवली की वारा थेट अंगावर येई. काच ही तेव्हा खाली करण्याची वस्तू होती. ऊन लागले तर काच उघडायची, पाऊस लागला तर चढवायची. पुढे गाड्यांत एसी आला आणि काचा कायमच्या बंद झाल्या. बंद काचेतून ऊन आत येते, पण वारा येत नाही. तेथून या काळ्या फिल्मची गरज वाटू लागली.

आता ही गरज नेमकी कशाची आहे? फिल्म लावणाऱ्यांना विचारले तर दोन उत्तरे येतात. एक म्हणजे ऊन लागते. दुसरे म्हणजे लोक आत डोकावून पाहतात. ही दोन कारणे अगदी वेगळी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. आपण मात्र त्यांची मोट एकत्र बांधतो आणि एका काळ्या कागदाने दोन्ही कामे उरकू पाहतो. येथेच घोटाळा होतो.

प्रथम उन्हाचे पाहू. सूर्याकडून जी ऊर्जा आपल्यापर्यंत पोहोचते तिच्यातला निम्म्याहून थोडा कमी भाग डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचा असतो. सुमारे निम्मा भाग अवरक्त किरणांचा असतो. ते दिसत नाहीत, पण अंगाला ऊब म्हणून जाणवतात. उरलेले थोडे शेकडा प्रमाण अतिनील किरणांचे. त्यांनी त्वचा काळवंडते आणि गाडीतल्या सीटचे कापड विटते. काचेतून प्रकाश आत शिरतो, सीट, डॅशबोर्ड, तुमचे कपडे यांवर पडतो आणि ते सारे तापते. तापलेल्या वस्तू जी उष्णता बाहेर टाकतात ती वेगळ्या जातीची, लांब लहरींची असते, आणि तिला काच सहजी बाहेर जाऊ देत नाही. येणारा पाहुणा दारातून आत आला आणि मागून कडी लागली, तसा हा प्रकार. बंद मोटार उन्हात भट्टीसारखी तापते ती यामुळे.

आता लक्षात घ्या, काळा रंग हा दिसणाऱ्या प्रकाशाला अडवतो. स्वस्तातली काळी फिल्म प्रकाश शोषून घेते, त्यामुळे आत अंधारते आणि डोळ्यांना बरे वाटते. पण ती फिल्म व काच स्वतः तापतात आणि त्यातली काही उष्णता पुन्हा आतच सोडतात. उलट, अवरक्त आणि अतिनील किरण अडवणारी काच जवळजवळ पारदर्शकही असू शकते. पुढच्या काचेचेच उदाहरण घ्या. ती काच म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर दाबून बसवलेला असतो. दगड लागला तरी ती काच अंगावर फुटू नये म्हणून ही योजना. पण तोच थर अतिनील किरणांचा जवळजवळ सगळा भाग अडवतो, आणि काच मात्र स्वच्छ दिसते. थोडक्यात, जी काच अधिक काळी ती अधिक थंड, ही समजूत खरी नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती विशेषतः शिक्षकांनी वर्गात घेण्याजोगी आहे. ऊन मोटारीच्या कोणत्या बाजूने येते? फळ्यावर एक उभी रेघ ओढा. वर उत्तर, खाली दक्षिण, उजवीकडे पूर्व, डावीकडे पश्चिम. ही रेघ म्हणजे मुंबईचा पश्चिम द्रुतगती महामार्ग समजा. वरच्या टोकाजवळ बोरिवली, खाली अंधेरी, आणखी खाली वांद्रे. पूर्व उपनगरांत अशीच रेघ मुलुंडहून घाटकोपरवरून शीवकडे येते. आता एक गृहस्थ सकाळी बोरिवलीहून दक्षिणेला कामावर निघाले. सूर्य पूर्वेला, म्हणजे त्यांच्या डाव्या हाताला. संध्याकाळी ते उत्तरेकडे परत निघाले. सूर्य पश्चिमेला, म्हणजे पुन्हा त्यांच्या डाव्याच हाताला! आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. तेव्हा या गृहस्थांना दोन्ही वेळा सावली, आणि शेजारी बसणाऱ्याला दोन्ही वेळा ऊन. जो सकाळी मुलुंडहून ठाण्याकडे उत्तरेला जातो आणि संध्याकाळी परततो, त्याचे नेमके उलट. चालकाचा उजवा हात दोन्ही वेळा भाजतो. मुंबईच्या लोकलमध्ये रोज प्रवास करणाऱ्या माणसाला हे भूगोल शिकवावे लागत नाही. डब्यात शिरता शिरता तो उन्हाची बाजू सोडून बसतो. मोटारीत बसल्यावर मात्र आपण ही साधी गोष्ट विसरतो.

दुपारचे काय? मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस भर दुपारी सूर्य येथे बरोबर डोक्यावर असतो. डोक्यावरचे ऊन बाजूच्या काचांतून कसे येणार? ते छपरावर पडते आणि पुढच्या उतरत्या काचेतून येते. म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी, ज्या वेळी गाडी सर्वांत जास्त तापते, त्या वेळी बाजूच्या काचा काळ्या करून फार काही साधत नाही. आणि पुढची काच काळी करणे हे तर उघड उघड डोळ्यांवर पट्टी बांधून गाडी हाकण्यासारखे आहे.

मी घाटकोपरला राहतो. आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनी गेल्या उन्हाळ्यात गाडी घेतली. त्यांची आई पंचाहत्तरीच्या पुढची. तिला ऊन सोसत नाही. त्यांनी मला विचारले, "सर, काय करू? आईसाठी मागच्या काचांना फिल्म लावू का? दुकानातला पोरगा म्हणतो, काका, हलकी लावतो, पोलीस बघतसुद्धा नाहीत." मी त्यांना विचारले, "आई कुठे बसतात?" म्हणाले, "मागे, डाव्या बाजूला. दार फुटपाथकडे उघडतं, चढा-उतरायला बरं." "आणि जाता कुठे?" "सकाळी दादरला बहिणीकडे, संध्याकाळी परत." मग वर सांगितलेली रेघ मी त्यांना वर्तमानपत्राच्या कडेवर काढून दाखवली. दुसऱ्या खेपेपासून आई फुटपाथच्या बाजूने चढून आत सरकून उजवीकडे बसू लागल्या आणि फिल्मचा विषय मागे पडला. सगळ्यांचेच प्रश्न इतक्या सोप्या रीतीने सुटतील असे मी म्हणत नाही. पण पैसे खर्चण्यापूर्वी ऊन येते कोठून एवढे पाहायला काय हरकत आहे?

आता कायद्याकडे वळू. त्या दुकानातल्या मुलाने जे सांगितले ते कितपत खरे आहे? १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला शंभरावा नियम काचांविषयी आहे. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, असे तो सांगतो. या नियमाचा लोक आपल्या सोयीने अर्थ लावीत. बाजूला ५० टक्के चालते ना, मग ५० टक्क्यांची फिल्म लावली की झाले! पण यात गणिताची चूक आहे. कारखान्यातून आलेली काचही काही शंभर टक्के प्रकाश सोडत नाही; तिच्यात मुळातच थोडी हिरवट झाक असते. समजा ती ७५ टक्के सोडते. तिच्यावर ५० टक्क्यांची फिल्म लावली तर आत किती येईल? पंच्याहत्तराचे निम्मे, म्हणजे साडेसदतीस टक्के. हिशेब गुणाकाराचा आहे. ७० टक्क्यांच्या काचेवर ७० टक्क्यांची, अगदी हलकी म्हणतात तशी फिल्म लावली तरी ४९ टक्केच उरतात, आणि गाडी नियमाबाहेर जाते.

हा सगळा घोळ सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी मिटवला. अविषेक गोएंका यांच्या याचिकेवर निकाल देताना न्यायालयाने म्हटले की, नियमात जे प्रमाण सांगितले आहे ते काच तयार करतानाचे आहे. कारखान्याने त्या मर्यादेत रंगीत काच बसवली तर चालेल. पण नंतर तिच्यावर कोणत्याही प्रमाणाची काळी फिल्म किंवा दुसरा कोणताही पदार्थ चिकटवता येणार नाही. ४ मे २०१२ पासून हा हुकूम देशभर लागू झाला. झेड आणि झेड-प्लस दर्जाची सुरक्षा असलेल्या व्यक्तींपुरताच अपवादाचा विचार व्हावा, तोही समितीने तपासून, असे त्यात होते. म्हणजे मोठेपणाची खूण म्हणून काळ्या काचा मिरवण्याची सोय राहिली नाही.

त्यानंतर नियमात एक बदल झाला, तोही सांगायला हवा. १ एप्रिल २०२१ पासून या नियमात सुरक्षा काचेबरोबर प्लॅस्टिकचा थर असलेल्या, प्रमाणित सामग्रीचाही समावेश झाला. त्याचा आधार घेऊन केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये असा निर्णय दिला की, ७० आणि ५० टक्क्यांची मर्यादा पाळणारी प्रमाणित फिल्म लावली असेल तर दंड करता येणार नाही. तेव्हा फिल्म विकणारे आता हा निर्णय पुढे करतात. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. मुंबईतल्या चौकात हवालदाराने गाडी थांबवली तर केरळच्या निर्णयाने वाद संपेलच असे नाही. काळ्या काचांवर आपल्याकडे कारवाई होतच असते. आणि त्या निर्णयानेही काळोखाला परवानगी दिलेली नाही. प्रकाशाची मर्यादा होती तेथेच आहे. मोटार वाहन कायद्याच्या १७७ व्या कलमाखाली पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुढे १५०० रुपयांपर्यंत दंड आहे. रक्कम फार मोठी नाही, हे कबूल. म्हणूनच केवळ दंडाच्या भीतीने हा निर्णय करू नये असे मला वाटते. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी कारणे उरतात, आणि ती अधिक वजनदार आहेत.

पहिले कारण चालकाच्या डोळ्यांचे. दिवसा काळी काच सुखाची वाटते, पण गाडी रात्रीही चालवायची असते. आणि कोकणपट्टीत चार महिने पाऊस असतो. पावसाळ्यातल्या संध्याकाळी, रस्ता ओला, समोरच्या दिव्यांची चकाकी, आणि अशा वेळी जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर डावीकडे वळताना बाजूच्या काचेतून एक छत्री दिसली पाहिजे. काळी छत्री, काळा रेनकोट, आणि त्यावर काळी काच! वयाचाही विचार करा. साठीच्या माणसाच्या डोळ्यांत आतल्या पडद्यापर्यंत जो प्रकाश पोहोचतो तो विशीतल्या तरुणाच्या सुमारे एक-तृतीयांश असतो. मुलाने हौसेने लावलेल्या फिल्ममधून मुलाला दिसेल, पण तीच गाडी चालवणाऱ्या वडिलांना ते दिसेलच असे नाही.

दुसरे कारण रस्त्यावरच्या भाषेचे. रस्ता ओलांडणारा माणूस काय करतो, ते कधी निरखून पाहा. तो नुसता गाडीकडे पाहत नाही, तो चालकाच्या तोंडाकडे पाहतो. आपल्याला त्याने पाहिले काय, हे त्याला जाणून घ्यायचे असते. चालक मान हलवतो, हाताने "जा" म्हणतो, किंवा दुसरीकडेच पाहत असतो, आणि त्यावरून तो माणूस पाऊल टाकायचे की मागे घ्यायचे ते ठरवतो. अंधेरीच्या स्टेशनबाहेर, जेथे पायी चालणारे, रिक्षा आणि मोटारी एकमेकांत मिसळलेल्या असतात, तेथे सगळा कारभार नजरेनेच चालतो. रिक्षावाला उघडाच बसलेला असतो, मोटारसायकलवाला उघडा असतो, पायी चालणारा तर उघडा आहेच. काळ्या काचेमागे बसलेला एकटा चालक तेवढा या बोलण्यातून बाहेर पडतो. तो सगळ्यांना पाहतो, आणि त्याला कोणी पाहत नाही. गावातल्या शाळेसमोरच्या रस्त्यावर हेच अधिक खरे आहे, कारण तेथे सिग्नल नसतो आणि मुलांना नजरेखेरीज दुसरा आधार नसतो.

तिसरे कारण सर्वांत गंभीर आहे. गाडीत माणूस संकटात असेल तर ते बाहेरच्याला दिसले पाहिजे. २६ जुलै २००५ चा दिवस मुंबईकर विसरणार नाहीत. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. उपनगरांतले रस्ते पाण्याखाली गेले, मोटारी जागच्या जागी बंद पडल्या, विजेवर चालणाऱ्या काचा उघडेनात, पाण्याच्या दाबाने दारे उघडेनात. गाडीत अडकून त्या दिवशी माणसे दगावली. अशा वेळी बाहेरचे लोक पाण्यातून वाट काढीत एकेका गाडीजवळ जातात, आत कोणी आहे काय ते पाहतात आणि काच फोडतात. काच काळी असेल तर ते काय पाहणार? आणखी एक बाब आहे. बाजूची काच साधारणपणे अशी बनवलेली असते की फुटली तर तिचे बारीक खडे व्हावेत आणि वाट मोकळी व्हावी. तिला फिल्म चिकटवली की ते खडे फिल्मला धरून राहतात. काच फुटते, पण वाट होत नाही.

पाऊसच कशाला, ऊनही पुरेसे आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बंद मोटारीतले तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढल्याचे दिसले, आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच बोटभर उघडी ठेवूनही फारसा फरक पडला नाही. बाहेर ३३ अंश असेल तर आत पन्नाशीच्या वर! जून २०२३ मध्ये नागपुरात तीन मुले आणि एप्रिल २०२४ मध्ये मुंबईत अँटॉप हिल भागात दोन भावंडे, खेळता खेळता उभ्या असलेल्या मोटारीत शिरली आणि आतच मरण पावली. रात्री घरचे लोक आणि शेजारी मुलांना शोधायला निघतात, तेव्हा त्यांच्या हाती एक बॅटरी असते. त्या बॅटरीचा उजेड काचेतून आत पोहोचला पाहिजे. एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा गाडीची काच स्वच्छ असावी, असे माझे मत आहे.

आणि बायकामुलींच्या सुरक्षिततेचे काय? येथे दोन्ही बाजूंनी बोलले जाते. कोणी म्हणतात, घरातल्या बायका गाडीत असतात, लोक टक लावून पाहतात, म्हणून काच काळी हवी. ही तक्रार खोटी नाही. पण काळ्या काचेने जसे घरच्यांना झाकले जाते, तसेच वाईट कृत्य करणाऱ्यालाही झाकले जाते, आणि बाहेरून दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात. दिल्लीत १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री एका तरुणीवर चालत्या बसमध्ये जो अत्याचार झाला, त्या बसच्या काचा काळ्या होत्या आणि त्यांना पडदे होते. बस शहराच्या मोठ्या रस्त्यांवरून फिरत होती आणि बाहेर कोणालाच काही कळले नाही. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यापूर्वी आठ महिने लागलेला होता. निकाल कागदावर राहिला तर काय होते, याचे याहून भयंकर उदाहरण नको.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणेही न्यायाने ऐकले पाहिजे. काही माणसांना त्वचेचा असा आजार असतो की ऊन लागणे त्यांना खरोखर घातक ठरते. लहान बाळाला घेऊन प्रवास करणाऱ्या आईला आडोसा लागतो. भाड्याची गाडी दिवसभर उन्हात चालवणाऱ्या चालकाचे हाल मी पाहतो. या सर्वांची गरज खरी आहे. पण तिच्यावरचा उपाय काळोख हा नव्हे. अतिनील किरण रोखायला पारदर्शक काच पुरते, हे आपण पाहिले. नवी गाडी घेणार असाल तर विक्रेत्याला विचारा की कारखान्यातूनच ऊन रोखणारी काच मिळते काय. पुष्कळ गाड्यांत आता ती मिळते आणि ती नियमात बसते. अंगावर पूर्ण बाह्यांचा सुती कपडा आणि आईच्या खांद्यावर ओढणी किंवा पदर, ही तर आपली जुनी साधने आहेत.

बाकीचे उपाय घरगुती आहेत. गाडी उभी करताना सावली शोधा, आणि ती सावली तुम्ही परत याल त्या वेळी कोठे असेल त्याचाही अंदाज घ्या. गाडी उभी असेपर्यंत पुढच्या काचेला आतून चंदेरी किंवा पांढरा पुठ्ठा लावा. निघताना तो काढा. गाडीत बसण्यापूर्वी समोरासमोरची दोन्ही दारे मिनिटभर उघडी ठेवा, आतली कढत हवा निघून जाऊ द्या. मग काचा थोड्या खाली ठेवून निघा, आणि चार वळणे झाल्यावर काचा लावून एसी सुरू करा. भट्टी थंड करण्यापेक्षा भट्टीतली हवा बाहेर काढणे स्वस्त पडते.

खेड्यातल्या श्रोत्यांना आणि शिक्षकबंधूंना माझी वेगळी विनंती आहे. लग्नाला किंवा सहलीला गाडी ठरवताना मालकाला भाव विचारता, तसेच काचाही पाहून घ्या. बाहेरून आत दिसत नसेल तर स्पष्ट सांगा, "दादा, ही गाडी नको, दुसरी द्या." मुलींना एकटे पाठवायचे असेल तर हे नक्कीच पाहा, आणि गाडीचा नंबर टिपून ठेवा. अंगणात किंवा शाळेच्या आवारात मोटार उभी असेल तर तिला कुलूप आहे याची खात्री करा. बंद पडलेली जुनी मोटार तर कधीच उघडी ठेवू नका. आणि वर्गात मुलांना शिकवा की उभ्या गाडीत लपाछपी खेळायची नसते, आणि रस्ता ओलांडताना ज्या गाडीतला चालक दिसत नाही, तिच्यापुढे पाऊल टाकायचे नसते. ती गाडी जाऊ द्यायची.

तर मग निर्णय काय? घर ही आपली खाजगी जागा आहे, तेथे हवे तसे पडदे लावावेत. मोटार मात्र घराबाहेर, सर्वांच्या रस्त्यावर चालते, आणि रस्त्यावर जो चालतो त्याने इतरांना दिसले पाहिजे. उन्हाला दुसरे उपाय आहेत, ते करावेत. लोकांच्या नजरेचा त्रास होतो, तेथे नजर सुधारण्याचे काम आपणा सर्वांचे आहे, आणि ते काळ्या कागदाने होणारे नाही. माझ्या मते काचा स्वच्छच ठेवाव्यात. आधीच फिल्म लावली असेल तर ती एखाद्या रविवारी काढून घ्यावी. केस वाळवण्याच्या यंत्राने काच थोडी गरम केली आणि कोपऱ्यातून हळूहळू ओढली की ती निघते, आणि उरलेला चिकटपणा साबणाच्या पाण्याने जातो. मागच्या काचेवर बारीक तारा असतील तर तेथे मात्र हात जपून चालवावा.

शिक्षकांनी ती उभी रेघ उद्या फळ्यावर जरूर काढावी. आपल्या गावचा रस्ता कोणत्या दिशेने जातो आणि सकाळची एस.टी. पकडताना कोणत्या बाजूला बसावे, हे मुले आपण होऊन सांगतील.